शिवआईच्या अंगावरचं भस्म

"आक्का, आमची देवी पांढरी पडत चाललीय," रचना म्हणाली. तिनं हातातला खोका टेबलावर ठेवला.

रुक्माबाई हुंदरेंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. वजनमाप खात्यात चौतीस वर्षं लोकांचे खोटे तराजू पकडून त्या निवृत्त झाल्या होत्या. नंतर कॅम्पातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं. शेजारी मारुतीराव बसले होते. ते निवृत्त बस ड्रायव्हर. आता रुक्माबाईंची जुनी जीप चालवायचे आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

"आधी बस. कुठली देवी?"

"खेळातली."

टिळकवाडीत राहणारी रचना आणि तिचा भागीदार नागेंद्र यांनी मिळून 'गावशीव' नावाचा पटावरचा खेळ केला होता. सात देव गावाची शीव राखतात आणि बारा पिशाच्चं आत शिरू बघतात. सोंगट्या बोटभर उंचीच्या, कथलाच्या ओतीव मूर्ती. इंटरनेटवर आवाहन केल्यावर नऊशे लोकांनी तो तयार होण्याआधीच विकत घेतला होता. दोनदा तारीख चुकली होती. उद्या दुपारी चार वाजता निपाणीच्या गोदामातून माल घेऊन ट्रक निघणार होता.

"आणि उद्याही नाही निघाला तर?"

"तर 'रचनानं फसवलं' हेच माझ्या नावाला कायमचं चिकटेल. सहा वर्षं घातलीत मी यात. पुन्हा माझ्या हातचा खेळ कोण घेईल?"

बोलता बोलता तिनं पर्समधली एक पिशाच्चाची सोंगटी ओठांत धरली आणि दोन्ही हातांनी खोक्याची चिकटपट्टी ओढली.

"ती तोंडातनं काढ गं, पोरी."

"सवय आहे आक्का. रात्रंदिवस ह्यांच्यातच असते मी."

खोका उघडला. आत शिवआई उभी होती, शिवेवरची राखणदार. तिच्या डोळ्यांच्या खाचांत, निऱ्यांच्या घड्यांत, गळ्याभोवती पांढरी पिठी फुटून आली होती. उजव्या गालावरून ती खाली ओघळल्यासारखी दिसत होती.

"गोदामातल्या बायका म्हणतात, आईनं अंगाला भस्म फासलं. पुसलं तरी चार दिवसांत परत येतं. आणि फक्त देवांनाच, आक्का. पिशाच्चं बाराच्या बारा स्वच्छ."

मारुतीरावांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. "देव शीव सोडून चाललं म्हणायचं. आता आत कोण येणार, ते दिसतंयच की."

"पहिल्यापासून असं होतं?" रुक्माबाईंनी विचारलं.

"नाही. दोन वर्षांपूर्वी नमुन्याचे दहा संच ओतले होते. फोटोसाठी गोदामातल्या मालुमावशींनीच देव उजळून दिले होते. ते अजून लख्ख आहेत. हा बघा त्यातलाच एक, कच्चा राहिलेला."

ही दुसरी शिवआई चांदीसारखी चमकत होती. ओतताना राहिलेली जाड दांडी अजून तिच्या पायाला होती.

रुक्माबाईंनी कपाटातून छोटा तराजू काढला. आधी त्यांनी रचनाकडून दांडी तोडलेली दुसरी जुनी शिवआई मागून घेतली. चाळीस ग्रॅम. मग पांढरी. एकोणपन्नास.

"साचा तोच?"

"तोच. नागेंद्र म्हणतो, जड सोंगट्या लोकांना आवडतात."

"अंगात आलं की माणूस जड होतंच की वो," मारुतीराव पुटपुटले.

रुक्माबाईंनी कच्ची शिवआई कानाशी नेली आणि पायाची दांडी हळूच वाकवली. खोलीत बारीक आवाज उमटला. कर्र... कुणीतरी दात दाबून कण्हावं तसा.

रचना उठून उभी राहिली. मारुतीराव खुर्चीसकट मागं सरकले.

"आई कण्हली की वो, आक्का!"

"हं," रुक्माबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. साठ वर्षांपूर्वीची ओळखीची हाक ऐकावी तशा त्या क्षणभर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडी काढा, मारुतीराव. उद्यमबागला."

सुबराव ओतारी उद्यमबागेत एका पत्र्याच्या शेडात काम करायचा. रुक्माबाई आणि मारुतीराव पोचले तेव्हा तो भट्टीपाशीच जेवत होता. काळ्या पडलेल्या हातानं भाकरी मोडून त्यानं पुढं केली.

"घ्या आक्का. घरची हाय."

"जेवून आलोय बाबा. देवीचं काय ऐकतोय आम्ही?"

"माझ्या हातनं काय चुकलं न्हाई बघा. म्या मूळचा बिडाचं लोखंड ओतनारा माणूस. कथलाचं काम पैलंच. जशा विटा नागेंद्रअण्णा आणून देत्यात, तशा वितळवून रबराच्या साच्यात ओततो. उलट दुसऱ्या खेपेला हाताला गुण आला म्हणा. पैल्या खेपेला साचं चौथ्या दिवशी जळायचं. आता म्हैना म्हैना टिकत्यात. विस्तव बी कमी लागतोय."

"आणि वजन?"

"नागेंद्रअण्णा म्हटलं, नवीन विटा जरा जड हायती. म्या म्हटलं, असतील." त्यानं बोटं चाटली.

कोपऱ्यात बिघडलेल्या सोंगट्यांची बादली होती. रुक्माबाईंनी दुसऱ्या खेपेतली, जाड दांडी न तोडलेली एक शिवआई उचलली, कानाशी धरली आणि दांडी वाकवली.

काहीच ऐकू आलं नाही. दांडी मऊ मेणासारखी वाकली.

"मुकी झाली," मारुतीराव कुजबुजले.

"सुबराव, उद्या आमच्याबरोबर निपाणीला चला. आणि आता हात धुवा. साबण लावून."

निपाणीचं ते गोदाम एके काळी तंबाखूचं. वखार बंद पडून किती वर्षं झाली, पण भिंतींनी तो वास सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी रचना आणि सुबराव यांच्याबरोबर आत शिरताच मारुतीरावांना तीन शिंका आल्या. भर दुपारीही आत अंधारच होता. उंचावरच्या फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा खाली येत होत्या, आणि त्या रेघांत नऊशे खोके छातीभर रचून ठेवले होते. उघड्या खोक्यांतून पांढऱ्या तोंडाच्या देवी एकाच बाजूला बघत होत्या. दाराकडे.

माल बांधणाऱ्या बायका कधीच निघून गेल्या होत्या. एकटी मालुबाई खांबाशी बसली होती. ती साठीची, बायकांची मुकादम.

"ह्यांना विचारा," नागेंद्र म्हणाला. तिशी ओलांडलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "इथं दिवे लावतात, काहीतरी पूजा करतात. त्यातलंच काहीतरी लागलंय सोंगट्यांना. मी आजपासून ह्यांना कामावरून काढलंय. सोंगट्या पुसू, वरून पारदर्शक लाख मारू आणि ट्रक भरू. माझा देवीबिवीच्या कोपावर विश्वास नाही."

एवढं बोलून त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालानं एक शिवआई उचलली आणि नीट जागेवर ठेवली.

"नागेंद्रअण्णांचं बोलनं खरं मानू नका, आक्का," मालुबाई हळूच म्हणाली. "रुमालाबिगर देवाला शिवत न्हाईत त्ये. लई भक्ती हाय."

"मालुबाई, तुम्ही ह्या देवांना काही लावलंत?"

"न्हाई वो आक्का. म्या काय केलं न्हाई." पण तिनं हात पदराखाली घेतले.

खांबाशी पितळेचा छोटा दिवा होता. एवढ्या धुळीत तो सोन्यासारखा झळकत होता. त्याच्यामागं चिंचोक्यांचा ढीग होता. भिंतीवर कागद डकवला होता : आत पाणी आणू नये, खोके भिजतात.

मालुबाईनं चहा आणला. नागेंद्र आधी बाहेरच्या नळावर गेला, साबणानं हात धुऊन आला, मग कप घेतला.

"घरी कोण कोण?" रुक्माबाईंनी सहज विचारलं.

"बायको आणि मुलगी. आरोही. सात वर्षांची."

"खेळते का हा खेळ?"

"रोज. नमुन्याचा संच दिलाय तिला. नव्यांना हात लावू देत नाही, ते लोकांचे आहेत."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. पावणेचार झाले होते. रचना दाराकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत होती.

"मारुतीराव, ड्रायव्हरला थांबवा."

मारुतीरावांनी दारातूनच कानडीत ओरडून सांगितलं, "स्वल्प तडीरी, अण्णा!" मग वळून म्हणाले, "आक्का, मला विचाराल तर ही मालुबाईची करणी हाय."

"अर्धं बरोबर. पहिल्यांदाच." रुक्माबाई एका खोक्यावर टेकल्या. "मालुबाई, घाबरू नका. घरात देव कधी घासता?"

"अवसेला."

"कशानं?"

मालुबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिचे डोळे भरून आले.

"चिंचेनं. म्या घासलं आक्का. हितल्या देवांस्नी बी. देव घरातनं लांब चालल्यात, पारोसं कसं धाडायचं? पन पान्याला बंदी. म्हनून चिंच लावली अन् कोरड्या फडक्यानं पुसली."

"आणि पिशाच्चं?"

"पिशाच्चाला कोन चिंच लावतंय वो?"

मारुतीरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणून देव तेवढे पांढरे," रुक्माबाई म्हणाल्या. "चिंचेची आंबट ओल निऱ्यांत, डोळ्यांत राहिली. वर खोका बंद. ती ओल आत आत खात बसली."

"बघा!" नागेंद्र पुढं आला. "मी काय सांगत होतो?"

"थांब. नमुन्याचे देवही मालुबाईंनीच उजळले होते. हीच चिंच, हेच हात. ते दोन वर्षं लख्ख आहेत. मग चिंचेचा दोष कसा? बदललं ते दुसरंच काहीतरी."

त्यांनी पिशवीतून दोन दांड्या काढल्या. एक नमुन्याच्या शिवआईची, दुसरी सुबरावच्या बादलीतली.

"आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा. नवसागराचा धूर व्हायचा, आणि भात्यापाशी आम्ही पोरं गोळा व्हायचो. तो कथलाची कांडी दाखवायचा. आई त्याच्या बोलण्यावर कधी विसंबली नाही. मला म्हणायची, कान दे, रुक्मा. कांडी वाकवायची. कथील असलं तर कण्हतं. शिसं मिसळलं की मुकं होतं. मुक्या कांडीची कल्हई आमच्या भांड्यांना कधी लागली नाही."

त्यांनी एक दांडी वाकवली. तंबाखूच्या त्या कुबट शांततेत पुन्हा ते कण्हणं उमटलं. दुसरी वाकवली. काही नाही. मग तीच दुसरी त्यांनी खोक्याच्या पांढऱ्या कागदावर ओढली. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली.

"शिसं. म्हणून तोच साचा, पण वजन नऊ ग्रॅम जास्त. कथील आणि शिसं एकत्र केलं की दोघांपेक्षाही लवकर वितळतं. म्हणून विस्तव कमी लागला आणि साचे टिकले. आंबटाशी शिशाचं जमत नाही, त्याला पांढरी पिठी फुटते. आणि ती विषारी आहे."

रचनाचा हात आपोआप ओठांकडे गेला. सुबराव आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

"कुणी मिसळलं?" रचनानं विचारलं.

"मी कालपासून फक्त हात बघतेय. तू सोंगटी ओठांत धरलीस. सुबराव भट्टीवरच्या हातानं भाकरी खातो. मालुबाईंनी उघड्या बोटांनी चिंच चोळली. ह्या तिघांना ठाऊक असतं, तर तिघांनीही असं केलं नसतं. एकच माणूस रुमालानं उचलतो आणि चहाआधी हात धुतो. भक्ती म्हणावी, तर तो स्वतःच म्हणतो, विश्वास नाही. मग भीती कसली, नागेंद्र?"

"स्वच्छता म्हणून..." त्यानं रुमाल खिशात कोंबला.

"बरं. तुझ्या आरोहीला नमुन्याचाच संच का?"

नागेंद्रनं रचनाकडे बघितलं. तो खाली बसला.

"तारखेसाठी," तो म्हणाला. "दोनदा चुकली होती. साचे सारखे जळत होते. एकानं सांगितलं, अर्धं शिसं घाला, भराभर निघेल. मी म्हटलं, सोंगट्या कोण चाटतंय? नंतर वाचलं. तोवर सगळा माल ओतून झाला होता. रचना, मी तुझ्यासाठीच..."

"नऊशे घरं आहेत, नागेंद्र," रचना म्हणाली. "तुझ्या घरासारखीच."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. रचना जागची हलली नाही. तिनं एकदा खोक्यांकडे बघितलं, मग दारात गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "रिकामाच जा."

ट्रक धूळ उडवत वळला. ती दाराशीच पायरीवर बसली आणि फोनवर लिहू लागली. पहिलंच वाक्य तिनं मोठ्यानं वाचून बघितलं : "खेळ तिसऱ्यांदा लांबतोय. कारण आमच्या सोंगट्यांत विष आहे, आणि ते आम्हीच घातलंय."

"फसवी म्हणतील मला," ती म्हणाली.

"म्हणतील," रुक्माबाई म्हणाल्या. "काही जण. उद्या तुम्ही चौघंही दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. मालुबाई कामावरच राहतील ना?"

"दुसरं कोण आहे मला?" रचनानं डोळे पुसले.

हात धुऊन मालुबाई परत आली. पांढऱ्या शिवआईसमोर ती थोडी दूरच उभी राहिली. शिवायला तिला मनाई झाली होती.

"आक्का, म्या चिंच लावली नसती, तर?"

"तर कुणालाच कळलं नसतं. चारच्या ट्रकनं सगळं गेलं असतं."

"मग मला लावायची बुद्धी दिली कुणी?"

आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तराजूत घालणाऱ्या रुक्माबाईंनी दोन्ही दांड्या पिशवीत परत ठेवल्या. फटींतलं ऊन सरकत सरकत खोक्यांवर आलं होतं. नऊशे देवी अजून दाराकडेच बघत होत्या, आणि दारातून आज काही बाहेर गेलं नव्हतं.

मारुतीरावांनी टोपी काढली, हात जोडले आणि जीप सुरू करायला गेले. परतीच्या वाटेवर संकेश्वर येईपर्यंत त्यांनी कुणावरही संशय घेतला नाही.