काहिलीतलं पाणी

"सिस्टर, हे घ्या," असं म्हणत त्यानं खिडकीतून हात आत घातला. हातात काडेपेटी होती.

शिवगंगानं ती घेतली नाही. उदगीरच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या एवढ्याशा प्रयोगशाळेत रुजू होऊन तिला वर्ष होत आलं होतं. काडेपेटीत काय असतं, ते आता तिला उघडून बघावं लागत नसे.

"कुणाचं आहे?"

"अव्वाचं... आईचं. आठ दिवस झाले आव पडून राहिली. रक्त बी जातंय. डॉक्टर म्हणले, तपासून आणा."

"कधीचं?"

"सकाळचं."

"आता दुपार झाली." तिनं कपाटातून उकळून ठेवलेली काचेची बाटली काढली. "यात जे बघायचं, ते उन्हानं कधीच मेलं असणार. उद्या यात आणा. गरम असतानाच माझ्या हातात पडलं पाहिजे."

त्यानं बाटली घेतली. उंचेला गडी होता. पांढऱ्या सदऱ्यावर तुरीच्या डाळीचा भुसा, पापण्यांवरही थोडा. "गरमच आणतो, सिस्टर."

"मी सिस्टर नाही. मी लॅबमध्ये असते."

तो वळता वळता थांबला. "बरं झालं," असं म्हणाला... आणि आपण काय बोललो ते उमजून कानापर्यंत लाल झाला. लुना दोनदा पायडल मारूनही सुरू होईना, तेव्हा ती हातानं ढकलतच तो फाटकाबाहेर गेला.

शिवगंगा एकटीच बराच वेळ हसत होती.

लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. दवाखान्याचा रबरी शिक्का अजून उस्मानाबादचाच होता. त्यात दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. नळाला पाणी यायचं ते कधी तरी, आणि ज्याच्या घरात पाण्याचा आड, तो गावातला मोठा माणूस. काडेपेटी घेऊन आलेला तो विरूपाक्ष तसा मोठा माणूस होता, पण हे तिला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत आला. बाटली उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलेली.

तिनं काचपट्टीवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला आणि डोळा लावला. दिसला. काचेसारखा आरपार, कडेनं एक फुगवटा पुढं सरकायचा आणि मागचं सगळं अंग त्यात ओतलं जायचं. पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी.

"काय हाय?"

"अमीबा. बघायचाय?"

तो आत आला. खाली वाकला, तेव्हा तिला मागं सरकायला जागाच नव्हती. खोलीच तेवढी. डाळीच्या भुशाचा गोडसर वास आला.

"हालतंय की हे," तो हळूच म्हणाला. "पाय कुठं हायत याला?"

"लागेल तेव्हा काढतो. काम झालं की परत अंगात घेतो."

"आन् तोंड?"

"तेही नाही. जे सापडेल त्याला सगळीकडून मिठी मारतो."

विरूपाक्षनं मान वर केली. ती अगदी जवळ उभी होती. दोघांनाही तो शेवटचा शब्द एकदमच ऐकू आल्यासारखं झालं. तिनं घाईनं कागद ओढला आणि गरजेपेक्षा मोठ्या अक्षरात रिपोर्ट लिहिला.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. "कडू असतात," ती म्हणाली, "तोंडाला लोखंडासारखी चव येते. पण सगळ्या संपवायच्या. दोन दिवसांनी बरं वाटलं की सोडायच्या नाहीत."

"तुम्हीच येऊन सांगा की अव्वाला. माझं ऐकत न्हाई ती."

ती गेली नसती. पण त्या आठवड्यात आव घेऊन आलेली माणसं एकाच गल्लीतली निघू लागली. शिवगंगा प्रत्येकाला विचारायची, पाणी कुठलं पिता? उत्तर एकच – डाळीवाल्या विरूपाक्षच्या आडाचं. लई भला माणूस. कुणाला न्हाई म्हणत न्हाई.

संध्याकाळी ती त्या गल्लीत गेली. आडाभोवती ही गर्दी. कुणी पोहरा ओढत होतं, कुणी तिथंच पोरांचे कपडे आपटत होतं. बैलगाडीवरच्या टिपाडात सरळ पाणी ओतता यावं म्हणून एका बाजूचा कठडा पाडलेला. आणि धुण्याचं सगळं पाणी त्या फटीतून वाहत परत आडात...

विरूपाक्ष तिला बघून उजळला. "आलात? अव्वा आतच हाय."

"हा कठडा कुणी पाडला?"

"म्याच. लोकांची सोय होती."

कसं सांगावं, ते तिला सुचेना. मग तिनं सरळच सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला तो तिला बघवत नव्हता, पण तिनं वाक्य पुरं केलं.

पोहरा धरून उभी असलेली चतुराबाई आधी बोलली. "गावात एवढंच पाणी हाय बाई. तेबी घाण म्हणता? मग आमी काय प्यावं?"

"मी आता लोकांना न्हाई म्हणू?" विरूपाक्षनं विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "माझ्या अप्पानं पहार घेऊन खणलेला आड हाय हा."

ती अव्वाला न भेटताच परतली. वाटेत डोळे भरून येत होते आणि तिला स्वतःचाच राग येत होता. खरं बोलून एवढं वाईट का वाटावं?

पंधरवड्यानं नीलम्मांना – त्याच्या अव्वाला – दवाखान्यात आणलं ते उचलूनच. ताप, आणि उजव्या कुशीत हात लावू देईनात. गोळ्या त्यांनी अर्ध्यावरच सोडल्या होत्या. डॉक्टरांनी सुईनं यकृतातला पू काढला, तो विटकरी रंगाचा. आतड्यातला अमीबा रक्तातून यकृतापर्यंत पोचला होता.

विरूपाक्ष प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून होता. ती बाहेर येऊन शेजारी बसली.

"मीच पाजलं तिला ते पाणी," तो म्हणाला. "आन् सगळ्या गल्लीला."

"तहानलेल्याला पाणी दिलंत तुम्ही. त्यात काय चुकलं?"

"मग चुकलं कुठं?"

"कठड्यात," ती म्हणाली. "आणि कठडा बांधता येतो."

मग त्यानं विचारलं, "तुरटी फिरवली तर?"

"गढूळपणा बसेल. हा अमीबा नाही जाणार. शरीराबाहेर पडताना हा भोवती कवच करून घेतो आणि गप पडून राहतो. ब्लीचिंग पावडरीलाही दाद देत नाही. पाणी उकळायला पाहिजे."

"घराघरात जळण कुठंय?" तो म्हणाला, आणि पायरीवरच्या धुळीत बोटानं तीन ठिपके काढू लागला. काही तरी मनात मांडत असल्यासारखा.

अव्वाचा ताप उतरला त्या दिवशी तो मामाच्या मळ्यातून गुळाची काहिल घेऊन आला. उसाचं टिपरूही नव्हतं त्या वर्षी, गुऱ्हाळ बंद, काहिल पालथी पडून होती. दुकानासमोर तीन दगडांवर ती चढली, खाली तुराट्यांचा जाळ. कठडा बांधून झाला, धुण्याची जागा लांब केली. उकळलेलं पाणी रांजणात निवत ठेवलं.

आणि कुणीच आलं नाही. उकळलेल्या पाण्याला चव नसते म्हणे. लोक पलीकडच्या डबक्याकडं निघाले.

शिवगंगा ड्यूटीवरून तशीच आली, बगलेत घागर घेऊन. रिकाम्या दुकानासमोर एकटीच रांगेत उभी राहिली.

"तुमच्याकडं नळ हाय की," विरूपाक्ष म्हणाला.

"मला हे पाहिजे."

त्यानं घागर भरली. तिनं तिथंच ओंजळ धरली, सगळ्या गल्लीदेखत प्याली. पाण्याला धुराचा वास होता. ओंजळीत धार सोडताना तो तिच्याकडंच बघत राहिला आणि पाणी तिच्या कोपरावरून ओघळलं.

"नेम चुकला," ती म्हणाली.

"तुम्ही हसू नका मग."

चतुराबाई लांबून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती आली, तिच्यामागं आणखी दोघी. महिन्याभरात त्या गल्लीतून आवेचं माणूस येणं जवळजवळ थांबलं. शिवगंगा मात्र रोज संध्याकाळी घागर घेऊन जात राहिली. नीलम्मा ओट्यावरून कानडीत हाक मारायच्या, "ऊटा आयतेनु?" जेवलीस का? ती "हो" म्हणाली तरी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी समोर यायचीच.

मग एक दिवस ती रिकाम्या हातानं आली.

"घागर?" त्यानं विचारलं.

"लातूरला बदली झाली. जिल्ह्याच्या नव्या लॅबमध्ये. सोमवारी हजर व्हायचंय."

तो जाळात तुराट्या सारत राहिला. गरज नव्हती तरी. "चांगलं झालं की," म्हणाला. मग, "जावंच लागतं?"

"मी नोकरी सोडणार नाही," ती एकदम म्हणाली. त्यानं तसं विचारलंही नव्हतं.

"सोडा म्हणलं का मी?" तो उभा राहिला. चेहरा घामानं आणि धुरानं माखलेला. "लातूरला डाळीचा केवढा बाजार हाय. अव्वा कवाचीच म्हणती, शिवगंगाची बदली झाली तर इथलं दुकान तुझा धाकटा भाऊ बघंल, आडाकडं मी बघते, तू बी जा. तुमच्या गावी लोह्याला, तुमच्या अप्पांकडं बी जायचं म्हणून राहिली ती, येत्या गुरुवारी."

"अप्पांना विचारायला?"

"हाव."

"आणि मला?"

काहिलीत पाणी खदखदत होतं. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, आणखीच काळं करून घेतलं.

"रोज विचारायचं म्हणतो," तो म्हणाला. "तुम्ही घागर घेऊन जाता निघून... शिवगंगा, तुम्हाला चालंल का मी?"

नोकरीला लागल्यापासून ती सगळ्यांना शाळेतल्यासारखं 'हो' म्हणायची. आता लोह्याच्या घरात बोलायची तसंच तोंडातून निघालं.

"हाव," ती म्हणाली. "लई चालंल."

रांगेत मागं चतुराबाई घागर घेऊन खोळंबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली, आणि घागर खाली ठेवून पायरीवर बसली.