आजोबांच्या प्याल्याचं झाकण

खरं सांगतेय. खोटं वाटलं तर ट्रॉयनबाखला या. त्या दिवशी टेबलाशी बसलेले दोघेही अजून धडधाकट आहेत. त्यांना विचारा. विषय बदलतील, पण नाही म्हणणार नाहीत.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं.

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे अकरा. नुकतंच चर्च सुटलेलं, बाहेर बर्फावर लख्ख ऊन, आणि भट्टीला लागून असलेल्या आमच्या बैठकीत गिऱ्हाइकांना बिअर ओतणारी मी. आफ्रा. दहावीत आहे.

बाम्बेर्ग शहराच्या पलीकडे डोंगरात आमच्या घराण्याची बिअरची भट्टी आहे. नाताळाच्या आधी ओटमारआजोबा गेले, आणि भट्टी आईच्या हातात आली.

आमच्याकडे पिणाऱ्याला विचारत नाहीत, आणखी हवी का म्हणून. मातीच्या प्याल्याला कथलाचं झाकण असतं. उघडं ठेवलंत, मी भरणार. मिटलंत, बस झाली. माणसाच्या तोंडाकडे बघायचंच नाही, झाकणाकडे बघायचं. लहानपणापासून माझी नजर तशीच तयार झालीय.

नव्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी काढलेल्या बिअरचा, पहिला प्याला मात्र आजोबांचा. शेगडीजवळच्या कोपऱ्यात बसून प्यायचे. झाकण उघडं राहिलं तर बिअर पास.

मिटलं, तर सगळी पिंपं ओढ्यात.

आईचे दोन घाणे त्यांनी असेच ओढ्यात सोडायला लावले होते. कारण सांगितलं नाही. टक्... झाकण मिटलं, विषय संपला.

त्या रविवारी, आजोबा गेल्यावर आईने एकटीने काढलेला पहिला घाणा होता. आमच्याकडे सातू लाकडाच्या धुरावर वाळवतात. आजोबांच्या बिअरला तर भाजलेल्या हॅमचा वास यायचा. आईने धूर निम्म्यावर आणला.

आदल्या दिवशी ती म्हणाली, "आफ्रा, उद्या त्या दोघांनी झाकणं मिटली तर अख्खं गाव मिटणार. मग सोमवारी भट्टी बंद. तुझ्या शाळेच्या स्वयंपाकघरात जागा आहे, तिथे कामाला लागते."

"माझ्या शाळेत? मग बिअर चांगली असायलाच हवी."

ती हसली नाही.

ते दोघे म्हणजे घरांची छपरं शाकारणारे शोर्शकाका आणि निवृत्त पोस्टमन फाइटकाका. यांनी नावाजली की गाव पितं.

शोर्शकाकांनी घोट जिभेवर घोळवला.

"धूर कुठाय?"

"चिमणीतून गेला," मी म्हटलं.

"ओटमारची बिअर पिऊन घरी गेलो की बायको विचारायची, आज कुणाकडे आग लागली होती. ही प्यायलो तर काही विचारायचीच नाही ती."

"मग बरंच की, काका. घरात शांतता."

फाइटकाका गालात हसले. "सुरुवातीला गोड आहे. मागून कडू लागते, छान लागते. वाईट नाही रे, शोर्श. पण..."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "ओटमार काय म्हणाला असता?"

दोघांचे अंगठे झाकणांवर गेले. मिटली नाहीत अजून. पण गेले.

आई गल्ल्यामागे एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती.

मला टेबलावर एक झाकण उघडं दिसलं. सवयीने प्याला उचलला, पिंपाच्या नळाखाली धरला, भरला, जागेवर ठेवला, वळले.

आणि मग...

शेगडीतली तडतड थांबली.

"पोरी," शोर्शकाका हळू म्हणाले, "कुणाला दिलीस?"

मी वळून पाहिलं.

कोपऱ्यातली जागा रिकामी होती.

समोर आजोबांचा प्याला. तो खुंटीवर असतो. मी काढला नव्हता, आईने नव्हता, आणि ते दोघे जागचे हललेही नव्हते.

त्यावरचा फेस हळूहळू खाली चालला होता.

घट्... घट्...

मी वाकून पाहिलं. तळाला थेंब नाही.

टक्...

झाकण मिटलं. आपलं आपण.

फाइटकाकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. "मिटलं. झालं."

"पण संपवली ना रे," शोर्शकाका पुटपुटले. "न आवडलेली त्याने कधी संपवली होती का?"

"मेल्यावर तहान लागत असेल," फाइटकाका म्हणाले, आणि दोघांनीही आपापली झाकणं मिटली.

आईने फडकं खाली ठेवलं. "पिंपं सोडून येते," एवढंच म्हणाली आणि तळघराच्या दाराकडे निघाली. तिसऱ्यांदा. खांदे इतके खाली, की मला बघवेना.

भीती मला नंतर वाटली. तेव्हा फक्त राग आला.

"आई, पिंपांना हात लावू नकोस."

मी कोपऱ्यात गेले, उजव्या अंगठ्याने ते झाकण उचललं आणि प्याला पुन्हा काठोकाठ भरला.

"आजोबा, त्या दोन घाण्यांचं कारण तुम्ही दिलं नाहीत. आज द्या. नाही देता येत? मग आजपासून झाकण मी धरणार."

झाकण खाली येऊ लागलं.

माझा अंगठा मध्ये होता. कथलाची कड आत रुतत गेली. गार... विहिरीच्या तळासारखं गार, आणि वरून कुणीतरी सावकाश, न चिडता दाबत होतं. आजोबा कधीच चिडायचे नाहीत.

डोळ्यांत पाणी आलं. हात हलवला नाही.

"सोड, आफ्रा," आई म्हणाली.

"नाही."

तेवढ्यात पाठीमागे झाकण उघडल्याचा आवाज आला. शोर्शकाकांचं.

"भर मला."

"मलाही," फाइटकाका म्हणाले. त्यांनीही झाकण वर केलं. "आणि ओटमार, रागावू नकोस. तू गेलास. आता आमची जीभ, आमची चव."

दाब एकदम सुटला.

मी अंगठा काढला. झाकण उघडंच राहिलं. ते हरले, की त्यांना आणखी हवी होती, देव जाणे. मी विचारलं नाही.

दुपारपर्यंत अख्खं गाव आमच्याकडे होतं. कुणी म्हणालं पातळ आहे, कुणी म्हणालं शेवटी एकदा बिअरची चव असलेली बिअर मिळाली. झाकणं उघडी होती. सोमवारी आईने बाह्या सारल्या आणि भट्टी पेटवली.

फक्त एक गोष्ट.

त्या दिवसापासून मी उजव्या हाताने धरलेल्या प्याल्यात फेस टिकत नाही. ओतते, वर येतो, आणि... बसतो. अंगठा अजून तसाच गार आहे; डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. आई नुसती अंगठ्याकडे बघते.

म्हणून मी डाव्या हाताने ओतते.

आज सकाळी डाव्या अंगठ्याचं टोकही गार लागलं.

रविवारी नवा घाणा निघतोय. मीच ओतणार.