उपळी बुरजावरचा सौदा

"ही पिशवी कुणाची?"

"माझी."

"आन ही?"

"...तीपण माझीच."

"दोघींची तिकिटं काढलीत, का फुकट चालल्यात?"

शिवप्रियानं मान वर केली. तुळजापूरला गाडीत चढलेला एक उंच तरुण, खांद्यावर ओला टॉवेल, तिच्या शेजारच्या सीटवर ठाण मांडलेल्या पिशव्यांकडं अगदी गंभीर चेहऱ्यानं बघत होता. हसू होतं ते फक्त डोळ्यांत. तिनं कडक भाकऱ्यांची पिशवी मांडीवर घेतली, शेंगाचटणीची पायाशी सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर भुरभुर पाऊस, गार वारं... आणि गाल तापलेले. आता याला काय म्हणावं!

सव्वीस वर्षांची झाली, पण भावाच्या मोटरसायकलवर बसल्याशिवाय ती कळंबच्या बाहेर कधी पडली नव्हती. सोलापूरच्या एका दवाखान्यात लॅबमधली नोकरी मिळत होती. अप्पा म्हणाले, "आधी एक दिवसाची सहल एकटीनं करून दाखव. मग सोलापूरचं बोलू." भाऊ मल्लिनाथ तर दात काढून म्हणाला, "पेट्रोल भरून ठेवतो. दुपारपातुर फोन येतोय बघ – दादा, न्यायला ये!"

म्हणून ती सरोजिनीताईंच्या भटकंती मंडळाबरोबर नळदुर्गचा किल्ला बघायला निघाली होती. काही होवो, फोन करायचा नाही, हे तिनं उंबऱ्यातच ठरवलं होतं.

शेजारी बसलेला तो तरुण म्हणजे अमरनाथ, मंडळातलाच, तामलवाडीचा द्राक्षबागेवाला. दुसरी भाकरी मागून घेताना त्यानं विचारलं, "कळंबच्या म्हणजे... बैलबाजारातले हणमंतप्पा दलाल म्हाईत असतील?"

"थोडेफार. अप्पा आहेत माझे."

त्याला ठसकाच लागला. "आमची खिल्लार जोडी त्यांनीच विकून दिली! उपरण्याखाली हातात हात, बोटं धरून भाव ठरला. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागला न्हाय."

"लागू द्यायचाच नसतो. जितकी बोटं धरली तितका भाव. मला येतं ते."

"मग तुमच्याशी जपून बोलाय पाहिजे."

"बोलताय कुठं जपून?"

किल्ल्यातल्या उपळी बुरजावर ती सगळ्यांच्या आधी चढली, कारण चढताना आभाळाकडंच बघायचं होतं. वर वारा नुसता अंगाला झोंबत होता. खाली बोरी नदी, हिरवं रान... ती हरखून गेली. मग उतरायला वळली – आणि पहिल्याच पायरीवर पाय दगड झाले. अरुंद, ओल्या, उभ्या पायऱ्या. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नुसती हवा.

"खाली बघू नको!"

"बसत बसत उतर गं!"

सरोजिनीताई मायेनं म्हणाल्या, "बाळा, घरी फोन लावू का?"

फोन! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नको म्हणून तिनं नुसती मान हलवली.

अमरनाथ गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्या खालच्या पायरीवर उभा राहिला. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला, आणि टॉवेलाखालून हात पुढं केला.

तिला कळलं. भाव विचारत होता – किती पायऱ्या?

टॉवेलाखाली तिनं त्याचं एक बोट धरलं. एकच.

"लई ताणता बुवा," तो हळूच म्हणाला. "पण सौदा पक्का."

एक पायरी. परत एक बोट – परत एक पायरी. मग दोन बोटं...

"भाव वाढवताय?"

"माल बघून वाढवते."

"काय चाललंय रे टॉवेलाखाली?" वरून सरोजिनीताई ओरडल्या.

"बाजार, ताई!"

सगळे हसले. ती किती घाबरली होती, ते फक्त एका हाताला ठाऊक होतं. उबदार हात होता... सोडवेना असा.

म्हणूनच अर्ध्यावर तिनं तो सोडला.

"आता बास. उरलेलं माझं मी उतरते."

"घसराल –"

"घसरले तर उठेन. तुम्ही मागं व्हा."

तो भिंतीला चिकटून उभा राहिला. ती त्याला ओलांडून पुढं झाली. एकेक पायरी चाचपत, एकेक पायरी मागं टाकत तिनं जमीन गाठली. तिथं मात्र मटकन बसली, आणि रडता रडता हसली.

अमरनाथ खाली आला. टॉवेलाची उगाच घडी घालत, तिच्याकडं न बघता पुटपुटला, "परत... कधी भेट व्हायची?"

हळू आवाजात उत्तर देता आलं असतं. पण आता ती उठली, आणि अख्ख्या मंडळाला ऐकू जाईल असं बोलली.

"सोलापूरची जलद गाडी तामलवाडीला थांबते का हो?"

टॉवेलाची घडी अर्ध्यातच राहिली.

"...न्हाय थांबत."

"रविवारी खोली बघायला निघालेय सोलापूरला. अप्पांना आजच सांगणार आहे. एकटीच येतेय. गाडी थांबवायचं मी बघते, शेजारची सीटही धरून ठेवते – तुम्ही नुसतं रस्त्यावर येऊन उभं राहायचं."

अमरनाथच्या डोळ्यांतला खट्याळपणा कुठल्या कुठं गेला.

"उजाडल्यापासून उभा राहतो," तो म्हणाला.