बटणावरची फुली

छाती अडतीस. खांदा साडेसतरा. बाही साडेतेवीस.

चष्मेवाल्याचं पहिलं माप मास्तरनं स्वतः घेतलं, सकाळी अकरा वाजता, भर उजेडात. मास्तर म्हणजे दुकानाची मालकीण. कातरी बाईच्या हातात असली तरी गिऱ्हाइकं तिला मास्तरच म्हणायची. समोरच्या दुकानातला हा चष्मेवाला दोन वर्षं तिचा सुई ओवायचा चष्मा नीट करून देत होता, आणि शेवटी एकदाचा विचारता झाला. शुक्रवारी नोंदणी कचेरीत लग्न. कोट तिनंच शिवायचा, ही त्याची एकच अट.

"मास्तर, आता तरी हसा," काजबटण करणारी मावशी म्हणाली. "का हसायलाही माप लागतं?"

मास्तर हसली नाही. दुधानं पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. ही तर पाणीही फुंकत होती. पहिल्या नवऱ्याचं बिंग एका बटणावरून फुटलं होतं. चार भोकांच्या बटणात मास्तरचा दोरा नेहमी दोन समांतर रेघांत जायचा. नवऱ्याच्या शर्टावर एक दिवस फुली दिसली. तशी फुली घरात एकच हात घालायचा, तिच्या धाकट्या बहिणीचा. कितीदा बोट धरून शिकवलं, तरी फुलीच. महिन्याभरात दोघं निघून गेली. मास्तरनं मापवहीतलं नवऱ्याचं पान खळ लावून चिकटवून टाकलं.

कच्ची ट्रायल. सोमवार.

कोट खांद्यात आवळत होता. तिनं टेप लावली. अठरा.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"जाड झालात की काय?"

"तुमच्या हातचं न खाताच?"

चूक आपलीच म्हणून तिनं शिवणीत जादा ठेवलेली कापडाची माया उसवून सोडली.

दुसरी ट्रायल. मंगळवार.

छाती चाळीस. बाही साडेचोवीस.

छाती भरते, पोट सुटतं, ठीक आहे. पण पन्नाशीच्या माणसाचा हात इंचभर वाढत नाही. जुनी टेप ताणली जाते हे खरं, पण मग माप कमी येतं, जास्त नाही. तिनं मावशीची टेप घेतली. मग लाकडी पट्टी. आकडे तेच. आणि डावा खांदा अर्धा इंच उतरलेला.

"कधी पडला होतात का? या खांद्यावर?"

"नाही बुवा." तो आरशात निवांत पाहत होता. "असाच तर आहे तो. पहिल्यापासून."

बुधवारी तिनं ओल्या फडक्यानं पहिल्या नवऱ्याचं ते पान सोडवलं.

छाती एक्केचाळीस. खांदा साडेअठरा, डावा अर्धा इंच उतरता. बाही पंचवीस.

"मावशी, हे बघ. हा त्याच्या मापाकडे चाललाय."

मावशीनं वही हातात घेतली नाही. "पुरुष सगळे एकाच मापाचे गं," ती म्हणाली, पण दोरा ओवताना तिचा नेम दोनदा चुकला.

मोडावं का? मास्तर रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेली. तो भिंग घासत होता.

"मला सोडून जाल?"

"मी? तुम्हाला?" त्यानं तिचा हात धरला. पकड त्याचीच होती; काच घासून पांढुरके झालेले बोटांचे शेंडे, ओळखीचे, उबदार. मापं खोटी असतील. हा हात खरा होता.

परत येऊन तिनं नवं कापड अंथरलं, आणि सरळ जुन्या पानावरून कोट बेतला.

गुरुवार. दुपार.

मावशी जेवायला घरी गेली होती. दुकानात दोघंच.

कोट अंगावर बसला. पाठीवर एक सुरकुती नाही.

त्यानं रुमाल उजव्या आतल्या खिशात सारला. खिसा उजवीकडे हवा, असं तो कधी बोलला नव्हता. जुन्या पानावर लिहिलेलं होतं.

"एवढं खालचं बटण राहिलंय," ती म्हणाली. "हलू नका."

वरची दोन तिनंच लावली होती, सकाळी. हेही लावलं. गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

तो मान खाली घालून पाहू लागला. मग हसला, ओळखीचं काही दिसल्यासारखा.

"असंच आवडतं मला."

तिनं चष्मा पुसून घातला.

वर समांतर. त्याखाली समांतर.

त्याखाली फुली.

सुई अजून तिच्याच बोटांत होती.