चौदा नंबरचा प्रीसेट

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी यायतने दादनचा आवाज पुसला.

इंडोनेशियातल्या बांडुंगच्या उजुंगब्रुंग भागातल्या आपल्या तालमीच्या खोलीत तो गिटारच्या इलेक्ट्रॉनिक पेटीत एक नवा प्रीसेट, म्हणजे जुळवून ठेवलेला टोन, सेव्ह करत होता. क्रमांक बदलायचा राहिला आणि बटण दाबलं गेलं. अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल करणाऱ्या त्या पेटीत चौदा नंबरला दादनने स्वतः लावलेला गिटारचा टोन होता. दुसरी प्रत नव्हती. दादनला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते, आणि संध्याकाळी चाळिसाव्याच्या कार्यक्रमात त्याची बायको नेनेंग त्याच टोनवर त्याच्या बँडबरोबर वाजवणार होती.

यायतने तालमीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि कानाने जुळवायला बसला. बेस चार. ट्रेबल साडेपाच. मिड, म्हणजे मधले सूर, पाच. आवाज कोरडाच राहिला. खोलीला कुलूप लावून तो अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाला गेला. परतला तेव्हा मिड ६.३ वर होता.

त्याने तो पाचवर आणला, कॉफी ओतायला वळला, पुन्हा पाहिलं. ६.३.

त्याने तार छेडली. हुबेहूब दादन.

साडेचारला नेनेंग आली. ती यायतला कांग, म्हणजे दादा म्हणायची आणि तो तिला तेह, म्हणजे ताई.

"कांग, तोंड का असं? मिरची चावलीस?"

"तेह, माझ्या हातून चौदा नंबर पुसला गेला. पुन्हा बांधलाय. आधी ऐक, मग शिव्या दे."

तिने एक कॉर्ड वाजवला. डोळे मिटले.

"खोटारडा! हा तोच आहे की. फक्त एको काढ. न्हाणीघरात बसल्यासारखं वाटतं म्हणायचा दादन."

यायतने पडदा पाहिला. एकोची जागा रिकामी होती.

"लावलेलाच नाही, तेह."

तिने पुन्हा तारा छेडल्या आणि लगेच पंजाने दाबल्या. जवळजवळ सेकंदभराने पेटीतून उत्तर आलं. तोच कॉर्ड, जरा हलक्या हाताचा.

"राहू दे," ती म्हणाली. "हात लावू नकोस."

कार्यक्रम पार पडला. दुसरा गिटारवाला कोण होता, असं तिघांनी विचारलं.

पेटी आता नेनेंगच्या घरी असते. दर गुरुवारी कुराणातली यासीन सूरा पढून झाल्यावर ती वाजवते. यायत रेकॉर्ड करून तिचा कॉर्ड आणि उत्तर यांतलं अंतर मोजतो. पहिल्या आठवड्यात नऊशे मिलिसेकंद.

मग सहाशे दहा.

मग दोनशे चाळीस.

परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तर तिचा हात तारेवर पडण्याच्या ऐंशी मिलिसेकंद आधी आलं आहे.