गाठीच्या मधला काळा ठिपका

"सोमवारी गावकी बसतेय. रखमीला वाळीत टाकायचं ठरलंय," कापडे गावचा गोमाजी म्हणाला. "माझ्या वयनीवर तिनंच करणी केली. सून न्हाय, सटवी हाय!"

टिपणीस पूर्वी महाडच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते; आता लोकांचे खासगी तपास करीत. त्यांनी आपल्याला बोलावून आणणाऱ्या दिघे मास्तरांकडे पाहिले. गोमाजीची वहिनी चंद्राबाई हिची मुंबईच्या मुलाला, महिपतला, जाणारी पत्रे तेच लिहीत. 'गाठी वाढल्या, लवकर ये.' तीन पत्रे गेली, महिपत आला नव्हता.

चंद्राबाईच्या डाव्या हातावर आणि दोन्ही पोटऱ्यांवर लाल, तापलेल्या गाठी होत्या. टिपणिसांनी त्या हलकेच चाचपल्या.

"वरच्या कातडीचं दुखणं नाही, खालची चरबी सुजलीय," ते म्हणाले. प्रत्येक गाठीच्या मधोमध तिळाएवढा काळा ठिपका होता. उजवा हात आणि पाठ मात्र स्वच्छ.

"अंगाला तेल कोण चोळतं?"

"मीच," महिपतची बायको रखमा दारातून म्हणाली. "पाठीला, हातापायांना. रोज."

"बघा, कबूल झाली!" गोमाजी ओरडला.

टिपणिसांचे लक्ष चंद्राबाईच्या उजव्या अंगठ्याकडे होते. "हा काळा डाग?"

"टाचंच्या भेगांना बिब्बा लावते," ती पुटपुटली. चुलीमागे बिबे होते, शेजारी दाभण.

टिपणिसांनी गाठी शेकल्या, डावा हात आणि उजवी पोटरी पट्टीने बांधून पट्टीच्या गाठीवर लाखेची मोहोर केली. पाय उशीवर ठेवायला सांगितले. मास्तरांना काही उमगले नाही; त्यांचा संशय अजून तेलावरच होता.

सोमवारी, गावकी बसण्याआधी, टिपणिसांनी शाबूत असलेली मोहोर फोडली. पट्टीखालच्या गाठी ओसरल्या होत्या. उघड्या डाव्या पोटरीवर दोन नव्या उठल्या होत्या.

"करणी लाखेला भिते काय हो, गोमाजी?" टिपणीस म्हणाले. "तेल दोषी असतं तर पाठ कशी वाचली? सगळ्या गाठी उजवा हात पोचतो तिथंच; उजव्या हातावर एकही नाही. परीट कपड्यावर बिब्ब्यानं खूण करतो, तसेच हे ठिपके. दाभण बिब्ब्यात बुडवून टोचलं की आतली चरबी पेटते. टोचणारी बाई आपल्यासमोर बसलीय."

चंद्राबाईने पदर तोंडाला लावला. "आय मराया टेकली म्हनलं की पोरगा यील, वाटलं. रखमीचं नाव मी न्हाय घेतलं."

"गोमाजीनं घेतलं, तेव्हा गप्प बसलात."

ती उठली. लंगडत गावकीपुढे गेली आणि सगळे स्वतःच्या तोंडाने सांगून आली. गोमाजी त्यानंतर दिवसभर कुणाला दिसला नाही.

संध्याकाळी मास्तरांनी चौथ्या पत्राचा कागद पसरला. "काय लिहू, चंद्राबाई?"

तिने सुजलेला पाय रखमापुढे केला. "लिवा, बरी हाय."

"अन् दाभण मी लपवून ठेवलंय," रखमा तिच्या पायाला पट्टी गुंडाळत म्हणाली, "त्ये पन लिवा, मास्तर."