हद्दीबाहेर

सकाळची आठ-बाराची गाडी लंडनकडे गेली की मार्लफर्ड रिकामं व्हायचं. मागे उरायची म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि नगरपरिषदेतले कारकून. हेदर ट्विग लेकुरवाळीही होती आणि कारकूनही. नऊ महिन्यांचं तान्हं पाळणाघरात सोडून ती बेघरांना घरं देणाऱ्या खात्याच्या खिडकीत बसायची.

त्या शुक्रवारी खिडकीपुढे कीली उभी होती. विशीतली पोर, आठवा सरत आलेला. ज्या मावशीकडे राहायची ती वारली आणि घरमालकानं कुलूप ठोकलं. मावशीच्या घरच्या एकाही कागदावर कीलीचं नाव नव्हतं. म्हणजे गावाशी संबंध सिद्ध होत नव्हता, आणि संबंध नसला की दोनशे मैलांवरच्या कुठल्यातरी शहरात रवानगी.

"मॅडम, माझी दाई इथली आहे हो. तिकडं कळा आल्या तर हात कुणाचा धरू?"

घरं वाटणाऱ्या समितीचे अध्यक्ष नॉर्मन बाल्डॉक मागून डोकावले. "पोट पुढे केलं की घर मिळतं, असं कुणी सांगितलं गं तुला? हेदर, मंगळवारचं तिकीट काढ हिचं. सही तुझी."

सोमवारी हद्द फिरण्याचा दिवस होता. दर मे महिन्यात गावची वीसेक बडी मंडळी वाळुंजाच्या काठ्या घेऊन शिवेवरून चालतात. प्रत्येक दगडाला तीन फटके मारायचे आणि ओरडायचं, "आमचं!" दप्तर सांभाळायला हेदर बरोबर होती.

शेवटचा दगड ओहोळाकाठी होता; ओहोळापलीकडे गावची हद्द संपत होती. तिथं बाल्डॉकनी चर्चची जुनी वही उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"'सुझाना फ्रे, भटकी, दिवस भरलेली. पोर गावाच्या गळ्यात पडू नये म्हणून चौघांनी उचलून ओहोळापलीकडे ठेवली. तिथेच बाळंत झाली. थंडी फार होती.' बघा! दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा आपली समिती काय चोख होती!"

सगळे हसले. पाद्रीबुवासुद्धा.

हेदरला एकाएकी पान्हा फुटला. ब्लाउज भिजून चिकटला. बाळाचं रडणं कानावर आल्याशिवाय असं कधी होत नसे, आणि इथं तर कुणीच रडत नव्हतं. ओशाळून ती झुडपांच्या कुंपणाआड गेली.

पलीकडच्या काठावर एक बाई पाठमोरी बसली होती. ओल्या चिंध्यांचं काहीतरी छातीशी धरून डुलत होती. स्वच्छ ऊन पडलं होतं, तरी तिच्या खांद्यांवर हिमाचा पांढरा थर होता.

"तुझं लेकरू गावातच आहे ना?" तिनं न वळता विचारलं.

"हो."

"मग त्या दगडाला हात लावू नकोस."

मागे काठ्या पडल्या. एक. दोन. तीन. "आमचं!"

हेदर दचकून वळली. पुन्हा पाहिलं तेव्हा पलीकडे नुसतं दबलेलं गवत होतं.

परतताना चौकातला पाववाला बाल्डॉकना म्हणाला, "पाहुणे, स्टेशन उजवीकडे हं." बाल्डॉक मोठ्यानं हसले. तीस वर्षं ते त्याच्याकडूनच पाव घेत होते.

मंगळवारी नऊ वाजता ते खिडकीपुढे आले. अंगात कालचाच कोट, हातात रांगेतल्या नंबराची चिठ्ठी.

"हेदर, माझी किल्ली लागत नाही. ग्लेंडा आतून ओरडते, पोलिसांना बोलावीन म्हणते. बेचाळीस वर्षांची बायको माझी!"

हेदरनं नाव शोधलं. मतदारयादीत नव्हतं. करदात्यांत नव्हतं. भिंतीवरच्या अध्यक्षांच्या नावांच्या फळीवर त्यांच्या सालापुढे दुसरंच नाव होतं, सोनेरी रंग जुना, कडेला पोपडे आलेला.

"गावाशी संबंध?" तिनं फॉर्म पुढे ओढला.

"अगं, इथं जन्मलोय मी!"

"कागद?"

"कागद कसले मागतेस! तू ओळखतेस ना मला? लिही ना तसं!"

ओळखत होती. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

बाकावर कीली बसली होती. पायाशी पिशवी, दोन्ही हात पोटावर.

"नाही," हेदर म्हणाली. "मी तुम्हांला ओळखत नाही."

कीलीचं तिकीट तिनं काचेखालून त्यांच्याकडे सरकवलं. "दहाची गाडी आहे. तिकडची माणसं बरी आहेत म्हणतात."

ते गेले. जाताना दारातल्या शिपायाला नाव सांगत होते, पुन्हा पुन्हा.

कीलीच्या अर्जावर हेदरनं लिहिलं, 'संबंध सिद्ध', आणि ठसठशीत सही केली. "जा बाई. दाईला भेट आधी."

मग तिनं मान वर केली.

बाक भरले होते. भिंतीलगतही माणसं उभी होती. पाद्रीबुवा, महापौरीणबाई, डॉक्टर, काल फिरलेली सगळी मंडळी. बुटांना ओहोळाकाठचा चिखल तसाच. प्रत्येकाच्या हातात नंबर. सगळे तिच्याकडे आशेनं बघत होते.

हेदरनं घंटी दाबली. तान्ह्याला निजवताना लावायची तसा आवाज मऊ केला.

"पुढचे कोण? या."